हार्ड डिस्क एकाएकी मंदावली: ती कामात आहे की अडकली आहे?

नमस्कार. कालपर्यंत बऱ्यापैकी चालणारा जुना संगणक आज सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेऊ लागला, फोल्डर उघडताना पडद्यावरचे चक्र नुसते फिरत राहू लागले आणि मधूनच माउसचा बाणही जागच्या जागी थिजू लागला, तर संशय हार्ड डिस्कवर जातो आणि तो बहुधा बरोबरही असतो. त्यानंतर मात्र पुष्कळ जण डीफ्रॅगमेंट (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणारे काम) चालवतात किंवा विंडोज नव्याने टाकायला घेतात. या दोन्ही गोष्टी तूर्त करू नका. फाइलींचे तुकडे महिनोन्‌महिने साचत जातात, त्यामुळे त्यांच्यापायी येणारा संथपणा एका रात्रीत उगवत नाही. विंडोजचे म्हणाल, तर दोष डिस्कमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये असताना विंडोज बदलणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शिवाय डिस्क खरोखरच बिघडत असेल, तर या दोन्ही कामांत तिच्यावर भरमसाट वाचन-लेखन होते आणि तिचे उरलेसुरले आयुष्यही त्यात संपू शकते.

आधी एवढेच ठरवायचे आहे की डिस्क कामात गढलेली आहे की कुठेतरी अडकलेली आहे. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात.

[पडद्यावर: टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स विभागाचे डिस्कचे पान]

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज ८ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर परफॉर्मन्स विभागात डिस्क निवडल्यावर हे पान दिसते; विंडोज ७ वर हीच माहिती रिसोर्स मॉनिटरमध्ये मिळते. इथे सगळ्यांची नजर डिस्क किती वेळ कामात आहे हे सांगणाऱ्या १०० टक्क्यांच्या आकड्यावर खिळते, पण तो आकडा फारसे काही सांगत नाही. वाचन-लेखनाचा वेग कमी दिसला म्हणून डिस्क खराब, असेही म्हणता येत नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारे हेड फिरत्या तबकडीवरच्या योग्य पट्ट्यावर न्यायचे आणि हवा तो भाग खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचे, असे धरले तर एका विखुरलेल्या वाचनाला साधारण १२ ते १३ मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० वाचने. प्रत्येक वाचन ४ केबीचे असेल, तर धडधाकट डिस्कचा वेगही सेकंदाला ३००-३२५ केबी एवढाच दिसेल आणि वर १०० टक्के झळकत राहतील. ही डिस्क आजारी नाही, ती राबते आहे.

पाहायचा आकडा आहे तो सरासरी प्रतिसाद-वेळ, म्हणजे एका मागणीला उत्तर द्यायला डिस्कला लागणारा वेळ. चांगली डिस्क दहा-वीस मिलिसेकंदांत उत्तर देते. कामाची रांग लांबली तर तो आकडा काहीशेवरही जातो. पण मागणी जवळजवळ काहीच नाही, वेग शून्याच्या आसपास आहे आणि तरी प्रतिसाद-वेळ हजारो मिलिसेकंदांवर चढलेली आहे, असे चित्र दिसले तर डिस्क अडकली आहे, असे समजावे.

डिस्क राबते आहे असे दिसले, तर मामला सोपा आहे. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क विभागात कोणता प्रोग्राम किती वाचतो-लिहितो ते दिसते, आणि तिथे बहुतेक वेळा विंडोज अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी किंवा शोधाची अनुक्रमणिका सापडते. त्यांना एक रात्र संगणक सुरू ठेवून काम संपवू द्यावे. पेजफाइलवर (रॅम भरल्यावर विंडोज डिस्कवर वापरते त्या जागेवर) सतत वाचन-लेखन चाललेले दिसले, तर रॅम अपुरी पडते आहे. अशा वेळी डिस्कला दोष देऊन उपयोग नाही, रॅम वाढवावी.

डिस्क अडकलेली असेल, तर मात्र पुढचे लक्षपूर्वक ऐका. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ही आज्ञा ती नोंद दाखवते. या लांबलचक तक्त्यातल्या तीनच ओळींवर बोट ठेवा: ०५ म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे माहितीचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहत असलेले सेक्टर, आणि सी७ म्हणजे केबलवरून जाता-येता बिघडलेल्या माहितीची मोजणी. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये मूळ आकडे पुष्कळदा षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत असतात, त्यामुळे तिथला १० म्हणजे १६ असू शकतो. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत अवाढव्य आकडे दिसतात. ते पाहून घाबरू नका, त्या कंपनीची ते नोंदवण्याची पद्धतच तशी आहे.

सी५ मध्ये शून्याखेरीज काही दिसले, तर संथपणाचे कारण हाती आले. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुढच्या फेऱ्यात पुन्हा वाचते, हेड किंचित सरकवून पुन्हा वाचते, आणि घरगुती संगणकाच्या डिस्कमध्ये हा खटाटोप कित्येक सेकंद चालू शकतो. तेवढ्या वेळात तिच्याकडे आलेली इतर सगळी मागणी ताटकळत राहते. असा एक सेक्टर विंडोजच्या रोज लागणाऱ्या फाइलीत निघाला, की अख्खा संगणक थिजतो, मग बाकीची डिस्क कितीही चांगली असो. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील सिस्टिम नोंदींतही याच्या खुणा सापडतात: डिस्क या नावापुढे ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब ब्लॉक, आणि नव्या विंडोजवर १५३ क्रमांकाची नोंद म्हणजे पुन्हा करावे लागलेले वाचन किंवा लेखन.

या टप्प्यावर चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो घातक वाटतो. खराब सेक्टर शोधण्याचा पर्याय देऊन चेकडिस्क चालवले, तर ते सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत जाते, आणि तुमच्या कागदपत्रांची दुसरी प्रत अजून कुठेच नसते. आधी प्रत काढा. तीही सगळ्या डिस्कची एकदम नको. छायाचित्रे, कागदपत्रे, हिशेब अशा पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. विंडोज आणि प्रोग्राम पुन्हा टाकता येतात. एखाद्या फाइलीवर नक्कल अडली, तर ती सोडून पुढे जा. फारच अडू लागले, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड जागांकडे नंतर वळते आणि कुठवर आलो याची नोंद ठेवत असल्यामुळे मध्ये थांबवले तरी काम वाया जात नाही. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यातले काहीही करू नका. संगणक बंद करा, आणि माहिती मोलाची असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे डिस्क सोपवा.

सी५ आणि ०५ दोन्ही शून्य आहेत आणि सी७ मात्र वाढलेला आहे, असे आढळले तर सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नाही. इथे संशय सर्वप्रथम केबलवर घ्यावा.

[जवळून दृश्य: दोन प्रकारच्या आयडीई केबल शेजारी-शेजारी]

फार जुन्या संगणकांत अशी चपटी पट्टीसारखी आयडीई केबल असते. डावीकडच्या पट्टीवरच्या रेषा जाड आणि मोजक्या आहेत, ती ४० तारांची आहे. उजवीकडची बारीक रेघांची केबल ८० तारांची आहे. दोन्हींच्या टोकाला छिद्रे ४०च, कारण जादा ४० तारा केवळ अर्थिंगच्या असून त्या शेजारच्या तारांमधला गोंगाट अडवतात. सेकंदाला ३३ एमबीच्या वर जाण्यासाठी ८० तारांचीच केबल लागते.

विंडोज एक्सपी असेल, तर आणखी एक गंमत आहे. केबलवर किंवा वेळ उलटल्यामुळे झालेल्या चुका एकूण सहा झाल्या, की एक्सपी डीएमएचा (प्रोसेसरला न गुंतवता माहिती नेण्याच्या पद्धतीचा) वेग एक पायरी उतरवते, आणि असे करत करत शेवटी पीआयओ या प्रोसेसरकरवी माहिती नेणाऱ्या जुन्या पद्धतीवर येऊन बसते. तिथली कागदोपत्री कमाल सेकंदाला १६.७ एमबी असली, तरी प्रत्यक्षात वेग त्याहून बराच कमी पडतो आणि प्रोसेसरही त्यातच अडकून राहतो. केबल बदलली तरी एक्सपी आपणहून परत वर चढत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनलच्या प्रगत सेटिंगमध्ये सध्याची पद्धत पीआयओ दिसत असेल, तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज त्याला नव्याने ओळखते आणि डीएमए परत येतो.

साटा (आयडीईनंतर आलेल्या, अरुंद केबलची) डिस्क असेल, तर वीज पूर्ण बंद करून केबलची दोन्ही टोके काढून नीट बसवा, आणि शक्यतो पत्र्याची खिटी असलेली नवी केबलच लावा. सी७चा आकडा केबल बदलल्यावर खाली येत नाही, कारण तो आजवरची बेरीज असतो. म्हणून आज दिसतो तो आकडा लिहून ठेवा आणि आठवडाभर नेहमीसारखे काम करून पुन्हा पाहा. तो तेवढाच राहिला, तर डिस्क निर्धास्त वापरा. वाढतच असेल, तर मदरबोर्डवरच्या दुसऱ्या पोर्टला केबल लावा. तरीही वाढला, तर हीच डिस्क दुसऱ्या संगणकाला वेगळ्या केबलने जोडून पाहा. तिथेही तो चढत गेला तर डिस्कच्या सर्किट बोर्डात दोष आहे, आणि तिथे थांबला तर जुन्या संगणकाच्या मदरबोर्डाकडे पाहावे लागेल.