वैशाखातला रंग, आषाढातली ओल

श्रोतेहो, नमस्कार.

बोरिवलीतलं आमचं घर आम्ही मे महिन्यात घेतलं. १९९१ची इमारत, तिसरा मजला, रीसेल. कागदांच्या बाबतीत आम्ही नवरा-बायको दोघंही भारी चिकित्सक. वकिलांकडून तीस वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीहक्काचा शोध, करून घेतला, भोगवटा प्रमाणपत्र पाहिलं, सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, सगळं तपासलं. बँकेचा माणूस येऊन मोजमाप करून गेला. भिंतीवर हात मात्र कुणीच फिरवला नाही. फिरवणार तरी कशाला? रंग ताजा होता, खोलीत अजून त्याचा वास होता. बायको तर म्हणाली, "बरं झालं, आपला रंगाचा खर्च वाचला."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसानं जोर धरला. बेडरूममधलं कपाट जरा पुढे ओढलं, तर मागची भिंत पुरीसारखी टम्म फुगलेली. मी बोटानं दाबलं. रंगाचा पापुद्रा फुटला आणि चमचाभर पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्या भिंतीच्या पलीकडे आमचं बाथरूम.

त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे काका आले. अगदी सौजन्यानं बोलले. "तुम्ही नवीन ना? आधीच्यांनी सांगितलं असेलच म्हणा. तुमच्या मोरीचं पाणी आमच्या देवघरावर गळतं. चार वर्षं झाली." त्यांनी सोसायटीला तीन पत्रं दिली होती. प्रती त्यांच्याकडे होत्या, पोचेच्या शिक्क्यासकट.

मुंबईतल्या जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब शेजारच्या खोलीपेक्षा खाली उतरवलेला असतो. त्या खळग्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरतात, त्यातूनच पाइप नेतात आणि वर लादी बसवतात. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे मोरीतलं पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा सुटला की पाणी खळग्यात साठत राहतं. वर लादी कोरडी ठणठणीत, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. ते पाणी झिरपत सळईपर्यंत पोचतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे गंजलेली सळई फुगते आणि भोवतालचं काँक्रीट आतून फोडते. त्यात आपली समुद्राची खारी हवा. कारागिरानं खालच्या काकांच्या छतावर हातोडी टकटक केली. बरीच जागा खणखणीत वाजली, देवघरावर आवाज एकदम भद आला. तिथला गिलावा काढला तर सळईचे खारी बिस्किटासारखे पदर सुटत होते.

खर्च आमच्याच माथी आला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमांप्रमाणे, बाहेरून येणारी गळती, सामाईक पाइपांची गळती हे सोसायटीचं काम. संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी घरातली गळती ज्याची त्यानं दुरुस्त करायची. एक लाख ८५ हजार गेले.

मग आधीच्या मालकाचं काय? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२चा. त्याचं कलम ५५ सांगतं की घरात मोठा दोष असेल, विकणाऱ्याला तो माहीत असेल, आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही तो दिसण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्यानं तो सांगायलाच हवा. पण करारात वेगळं काही ठरलेलं असेल तर गोष्ट बदलते. म्हणून खरेदीच्या करारात 'जसे आहे तसे' असं एखादं निरुपद्रवी दिसणारं वाक्य आलं, तर पेन खाली ठेवा आणि आधी वकिलांना विचारा. आणि त्याला माहीत होतं हे सिद्ध कसं करणार? आमच्या बाबतीत काकांची पत्रं होती, त्यांतल्या एकावर सोसायटीनं त्याला दिलेली नोटीसही निघाली. वकिलांनी त्याला पत्र धाडलं. ६० हजार दिले त्यानं, तेही उपकार केल्यासारखे. पुढे कोर्टात जायचं त्राण आमच्यात नव्हतं, हे कबूल करतो.

नवं घर थेट बिल्डरकडून घेतलेल्यांचं बळ जास्त. रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा २०१६चा कायदा. त्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष लेखी कळवलात, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते, महारेराकडे, म्हणजे आपल्या राज्यातल्या रेरा प्राधिकरणाकडे, तक्रार नेता येते. फक्त साइटवरच्या सुपरवायझरला तोंडी सांगून "बघतो साहेब" ऐकत बसू नका. तारखेसकट फोटो काढा, ईमेल करा. आणि हौसेनं भिंत पाडून दोन खोल्यांची एक केली असेल, तर बिल्डर पहिलं बोट तिथेच ठेवणार.

रीसेलचं घर बघायला जाणार असाल तर जुलैत जा. उन्हाळ्यात मुंबईतली सगळीच घरं देखणी असतात. इमारत तीस वर्षांपुढची असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-बप्रमाणे इंजिनिअरकडून तपासणी झाली का, ते सेक्रेटरींना विचारा, अहवाल मागा. पण त्याहीआधी खालच्या मजल्याची बेल वाजवा आणि त्यांचं छत बघा. पाच मिनिटांचं काम. आम्ही ते केलं असतं तर काकांनी चहासुद्धा पाजला असता.

आता आमच्या बाथरूमच्या छतावर वरच्यांचा पिवळा डाग उमटला आहे. वरचं घर विकायला काढलंय. गेल्या आठवड्यात रंगाच्या बादल्या जिन्यानं वर गेल्या. रविवारी एक तरुण जोडपं घर बघून उतरत होतं. आमच्या दाराशी ती मुलगी थांबली, पाटी वाचली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि बेल न वाजवताच दोघं खाली गेली. मी दाराच्या आतच उभा होतो, भिंगाला डोळा लावून. वरच्यांशी आमचे पंधरा वर्षांचे संबंध नाहीत, पण आहेत ते चांगले आहेत. कडी काढायला हात गेला नाही.

वॉचमन सांगत होता, येत्या रविवारी ती दोघं परत येणार आहेत.