गोळी दिली, पण जंत गेला का?

(दृश्य: खडकांवरून फेसाळत जाणारी नदी)

माणसाला आंधळं करणारा एक रोग काळ्या माशीच्या चाव्यातून पसरतो. ही माशी साचलेल्या डबक्यात वाढत नाही. तिला खळाळतं पाणी लागतं. म्हणूनच पश्चिम आफ्रिकेत नदीकाठची चांगली कसदार जमीन टाकून माणसं उठून गेली. रोगाचं नावही नदीवरूनच पडलं, रिव्हर ब्लाइंडनेस.

माशी चावते आणि ऑन्कोसर्का नावाचा जंत अंगात शिरतो. कातडीखालच्या गाठीत मादी दहा-पंधरा वर्षं जगते, अळ्या सोडत राहते. त्या कातडीत फिरतात तेव्हा माणूस खाजवून खाजवून रक्त काढतो. डोळ्यात जाऊन मेल्या की डोळ्याचा पारदर्शक पडदा हळूहळू पांढुरका होतो.

(दृश्य: झाडाखाली रांग, खुणा केलेली काठी)

औषध आहे आयव्हरमेक्टिन. 1987 पासून मर्क कंपनी ते फुकट देते. वजनकाटा लागत नाही. काठीला उभं करायचं, उंचीप्रमाणे एक ते चार गोळ्या. 90 सेंटिमीटरपेक्षा बुटकं मूल, गरोदर बाई, फार आजारी माणूस यांना वगळायचं. वाटणारा गावानेच निवडलेला असतो.

वहीत खूण झाली, पण गोळी पोटात गेली का? शेतावरच्या वस्तीतले, मासेमारीला गेलेले लोक मुळात वहीत होते का? ते नसतील, तर वहीतली टक्केवारी कितीही छान दिसो, तिचा काय उपयोग? म्हणून वेगळं पथक घरोघर जातं आणि गोळी दाखवून विचारतं, “ही गिळली होती?”

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणाऱ्या अळ्या)

मग कातडी. कमरेच्या हाडावरून टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा काढून मिठाच्या पाण्यात ठेवतात. अळ्या बाहेर येतात, त्या मोजायच्या. इथे एक फसगत आहे. गोळीने अळ्या मरतात, मादी मरत नाही. दोन महिन्यांनी तपासलं तर कातडी स्वच्छ दिसेल, वर्षभरात अळ्या परत येतील. खरा आकडा कळतो तो पुढच्या फेरीच्या तोंडावर. मादी म्हातारी होऊन मरेपर्यंत दर वर्षी गोळी द्यायची, एवढाच मार्ग.

तो पुरतो का? माली आणि सेनेगलमध्ये काही नद्यांच्या काठी 15 ते 17 वर्षं गोळ्या दिल्यावर संसर्ग जवळजवळ नाहीसा झाला होता. मग गोळ्या थांबवून पाहिल्या. रोग उलटला नाही. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झालं, तोवर आफ्रिकेत नुसत्या गोळीने हे साधेल यावर फारसा कुणाचा भरवसा नव्हता.

आता थांबवायचं की नाही, हे दहा वर्षांखालच्या मुलांच्या रक्तावरून ठरतं. संसर्गाची खूण 0.1 टक्क्याहून कमी मुलांत हवी. शिवाय माशाही तपासायच्या, हजारोंनी.

(दृश्य: नदीकाठी बसलेला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली)

त्या पकडतात अशा. पाय उघडा ठेवून बसायचं, माशी टेकली की चावायच्या आत तिच्यावर काचेची नळी ठेवायची.