खताची तयारी फेब्रुवारीत

मंडळी, घरच्या भाज्यांसाठी कंपोस्ट करायचं ठरलं की लोक पहिल्यांदा विचारतात, कल्चर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, कुठलं आणू? मी त्यांना विचारते, पालापाचोळ्याची पोती भरून ठेवलीत का? आपल्याकडे पानगळ होते ती जानेवारी ते मार्चमध्ये. तेव्हा सोसायटीत पानं झाडून चक्क जाळतात. मग जुलैत बादलीत नुसती सालं नि देठं, वर पावसाळी हवा, आणि घरभर वास. त्या वेळी सुकं पान औषधालाही मिळत नाही.

वास येतो त्याचं कारण साधं आहे. भाजीच्या कचऱ्यात पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर, कर्ब (कार्बन) कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना एक भाग नत्रामागे 25 ते 30 भाग कर्ब मानवतो, आणि ती भरपाई सुकी पानं करतात. शिवाय पानांमुळे कचऱ्यात पोकळी राहते. हवा कोंडली की हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात आणि कुजका वास सुटतो. तराजू नको, जितका ओला कचरा, निदान तितकाच पाला, पावसाळ्यात दुप्पट. मूठभर ऐवज पिळून बघा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर आणखी पाला घाला. कल्चरच्या जागी घरात आंबट ताक असेल तर शिंपडा, नसेल तर अडत नाही.

ही विद्या जुनी आहे. होळकरांच्या इंदुरात 1924 ते 1931 या काळात आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती, राख यांचे थर द्यायची आणि ढीग वरखाली करत सुमारे तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली. जग तिला इंदूर पद्धत म्हणतं आणि हॉवर्डचं नाव घेतं. वाडांचं मी मुद्दाम घेते.

त्यांचे ढीग मात्र मोठे होते. तीन-तीन फूट लांबी, रुंदी, उंची असेल तर आतली ऊब 55-60 अंशांवर जाते. बी आणि रोगजंतू बहुतेक मरतात. गॅलरीतल्या ड्रमला तेवढा ताव येत नाही. म्हणूनच कुंडीत न पेरता टोमॅटो आणि भोपळा उगवतात. उगवोत बापडे! पण मर रोग लागून सुकलेलं वांग्याचं झाड ड्रममध्ये टाकू नका.

आता अळ्या. यावरून घरोघरी भांडणं होतात, आणि ड्रम रातोरात नाहीसे होतात. त्या जाड, मळकट अळ्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ती माशी चावत नाही, जेवणावर घोंघावत नाही, आणि अळ्या कचरा भराभर फस्त करतात. अगदीच बघवत नसेल तर वर पाल्याचा जाड थर द्या.

खत काळसर, भुसभुशीत झालं, पावसाच्या मातीसारखा वास आला, तरी लगेच मिरचीला घालू नका. ते अजून कच्चं असलं तर कुजताना मातीतलंच नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. वाटीभर खतात थोडी माती मिसळून मेथीचे दाणे पेरा. चार-पाच दिवसांत ते नीट उगवले तर खत चाळून कुंडीच्या मातीत तिसरा हिस्सा मिसळा. नाही उगवले तर ड्रमात परत टाका, आणखी तीन आठवडे.