आधी पत्रा, मग ब्रेक, इंजिन सावकाश: मुंबईत घरी फियाट उभी करताना

नमस्कार मंडळी. जुनी फियाट घरी पुन्हा उभी कशी करायची, म्हणजे दुरुस्त करून चालती कशी करायची, ते आज सांगतो. मुंबईत प्रीमियर पद्मिनी या गाडीलाही फियाटच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची. आधी ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी अशी नावं बदलत गेली. १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन आणि मागच्या चाकांवरचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मात्र तशाच राहिल्या. काळ्या-पिवळ्या रंगातली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही टॅक्सी म्हणून थांबली. टॅक्सीवाले होते तोवर ब्रेकचे शू, ब्रेक सिलेंडरच्या रबरांचं किट, इग्निशनचे पॉइंट, क्लचप्लेट हे सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचं. आता ऑपेरा हाउस, ग्रँट रोड आणि कुर्ल्याच्या भंगारबाजारात चार फेऱ्या माराव्या लागतात. म्हणून पहिला सल्ला असा की जुना भाग हातात नवा येईपर्यंत टाकू नका. मोडका का असेना, नमुना दाखवल्याशिवाय दुकानदार बरोबर वस्तू देऊ शकत नाही.

गाडी घ्यायच्या किंवा उघडायच्या आधी आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर शोधा. टॉर्च लावा, मळ पुसा, आकडा न् आकडा जुळवा. पत्र्याचं काम करताना ग्राइंडरखाली चासी नंबर गेला, तर पुढे आरटीओत जे हेलपाटे घालावे लागतात त्यांना अंत नाही. काम सुरू करण्यापूर्वी त्या जागेवर मास्किंग टेप लावून कारागिराला बोट ठेवून दाखवा. गाडीचा रंग बदलणार असाल किंवा दुसरं इंजिन बसवणार असाल, तर त्याची नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. पन्नास वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. त्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, एवढं लक्षात ठेवून अर्ज करा.

आता मुख्य विषय. बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. ते साहजिक आहे, इंजिन सुरू झालं की गाडी जिवंत झाल्यासारखी वाटते. पण मुंबईत क्रम उलटा हवा. या गाडीला वेगळी चौकट नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. आणि आपल्याकडे चार महिने पाऊस, बाराही महिने दमट हवा आणि किनाऱ्याजवळ मिठाचा अंश. खराब इंजिन दुरुस्त होतं, बदलताही येतं. आतून सडलेल्या सांगाड्यावर केलेला इंजिनाचा खर्च वाया जातो.

गंज कुठे शोधायचा? दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पेटीसारखी पोकळ पट्टी असते, तिला गॅरेजमध्ये सिल म्हणतात. स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीने सिलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टकटक करत जा. चांगला पत्रा टणक, टिणटिण वाजतो. आवाज मधेच बसका आला की थांबा. तिथे लोहचुंबक लावा. चुंबक धरत नसेल, तर रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. मग त्याच जागी स्क्रूड्रायव्हरचं टोक जोर देऊन टेकवा. आत गेलं तर तो भाग कापायचाच आहे हे समजा. सडका पत्रा लांबी भरून, वर चकचकीत रंग मारून विकणं हा मला सरळ गुन्हा वाटतो, कारण जॅक लावताना किंवा अपघातात त्या पत्र्यावर माणसांचा जीव असतो.

सिलनंतर कार्पेट उचलून पायाखालचा पत्रा बघा, विशेषतः ड्रायव्हरच्या टाचेखाली. मग मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात ती जागा, बॅटरीखालचा ट्रे (तिथे ॲसिड सांडून पत्रा खाल्ला जातो), पुढच्या काचेच्या रबराची खालची कड, आणि दारांचं तळ. दार तळाशी सडतं त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. काचेवरून ओघळलेलं पाणी बाहेर जायला दाराखाली भोकं असतात, ती माती आणि रंगाने बुजतात. तार घालून ती आजच मोकळी करा. या कामाला पैसाही लागत नाही.

सिल कापायची असेल तर आधी दाराच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवे-उभे टाके, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारून पक्के करा. हे न करता सिल कापली की गाडी मधेच किंचित बसते. वेल्डिंग होतं, रंग होतो, आणि मग कळतं की दार लागत नाही. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापू नका. बदलीचा पत्रा मूळ जाडीच्या जवळचा, साधारण ०.९ ते १ मिलिमीटरचा सीआरसीए, म्हणजे गार लाटलेला पोलादी पत्रा, घ्या. गॅसवेल्डिंगने एवढा पातळ पत्रा उष्णतेने पीळ खातो, त्यामुळे सीओ-टू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेने केलेलं विजेचं वेल्डिंग) करणारा कारागीर शोधा. ०.८ मिलिमीटरची तार, २५-३० मिलिमीटरवर एक टाका, एक टाका इथे तर पुढचा दुसऱ्या टोकाला, मधे पत्रा गार होऊ द्यायचा. सलग रेघ ओढायची नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ असते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वेल्डिंग करूच नका, तेवढं काम गॅरेजला न्या.

छोटे भाग, म्हणजे ब्रॅकेट, नट-बोल्ट, बिजागरं, हे घरी बादलीत साफ होतात. चार लिटर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. बॅटरी चार्जरची वजा बाजू गंजलेल्या भागाला आणि अधिक बाजू भंगार लोखंडाच्या पट्टीला जोडा. त्या जागी स्टीलची, म्हणजे स्टेनलेसची पट्टी चुकूनही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम गॅलरीत किंवा उघड्यावर करा. भाग बाहेर काढल्यावर धुवा, हेअर ड्रायरने वाळवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. जुलैमध्ये उघड्या लोखंडावर तासाभरात पिवळसर थर दिसायला लागतो. त्यावर प्रायमर मारला की गंज आत कोंडला जातो आणि वर्षभरात फोड येतात.

रंगाचं वेळापत्रक म्हणूनच पावसावर ठरतं. जून ते सप्टेंबर यांत्रिक कामं उरका. एपॉक्सी प्रायमर आणि रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी स्प्रेगनला हात लावू नका. रंग सुकल्यावर सिलच्या आणि दारांच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आतून गंज रोखणारं पातळ मेण, सोडा. काही जण तिथे जळकं इंजिन ऑइल ओततात. त्यात आम्ल असतं, रबरं फुगतात आणि ऑइल उन्हाळ्यात गळून जातं. आणि गाडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवू नका, आत वाफ कोंडून गाडी उघड्यावरच्यापेक्षा लवकर सडते. छप्पर आणि सुती कव्हर, बस.

दुसरं काम ब्रेकचं, आणि इथेही शत्रू पाणीच आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत येते. घाटात सतत ब्रेक दाबला की ते उकळतं, नळीत बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. दुसरा परिणाम लक्षात यायला वेळ लागतो. ओलावा व्हील सिलेंडरच्या, म्हणजे चाकात शू ढकलणाऱ्या छोट्या सिलेंडरच्या, आत साचून भिंतीला बारीक खड्डे पाडतो. ड्रम (चाकामागची, शू ज्याला घासतात ती गोल लोखंडी वाटी) काढा आणि सिलेंडरच्या टोकावरची रबरी टोपी बोटाने हळूच उचला. आत कोरडं असेल तर ठीक. थेंब निघाला, तर ते रबर गेलं आहे. फक्त किट बदलून भागत नाही, हे इथे पक्कं समजून घ्या. होन (सिलेंडर आतून घासून गुळगुळीत करायचं हत्यार) फिरवल्यावरही बोटाच्या नखाला खड्डा लागला, तर नवं रबर त्या खड्ड्यावर घासून काही महिन्यांत पुन्हा गळणार. अशा वेळी आतून पितळी स्लीव्ह, म्हणजे अस्तराची नळी, घाला किंवा सिलेंडर बदला. रबरं पेट्रोलने किंवा ग्रीसच्या हाताने पुसू नका, फुगतात. स्वच्छ ब्रेक ऑइल वापरा.

जुन्या शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकायचं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून, म्हणजे पेडलने दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलेंडरपासून, सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करा. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत ते बहुधा मागचं डावं चाक. ब्लीडरला (चाकामागच्या हवा सोडायच्या नटाला) पारदर्शक नळी, नळीचं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. एकाने ‘दाबलं’ म्हणायचं, दुसऱ्याने नट पाव फेरा उघडून बंद करायचा आणि मगच पेडल सोडायचं. या गाडीच्या ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात, म्हणून चाकांजवळच्या रबरी नळ्या दिसायला चांगल्या असल्या तरी नव्या टाका. आणि गाडीखाली शिरताना फक्त जॅकवर विसंबू नका, चांगल्या पत्र्याखाली दोन घोडे, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड, हवेतच.

इंजिन. वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी लगेच सेल्फ मारून बघू नका, पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा मोडतात. प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस थांबा, मग हँडलने हाताने फिरवा. मोकळं फिरलं की प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेजने बघा, चारही प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर हेड उघडायची घाई नको. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी असतील तर हेडगॅस्केट (हेड आणि इंजिनामधली सीलबंद पट्टी). सिलेंडरांत ठिणगी पडायचा क्रम, म्हणजे फायरिंग, १-३-४-२. ठिणगीसाठी उघड-मिट करणाऱ्या पॉइंटचा गॅप साधारण ०.४ मिलिमीटर. पॉइंटची टाच झिजली की गॅप मिटतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे पडतं, मग गाडी तापते आणि दोष रेडिएटरवर जातो.

तापण्यावरून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घ्या, नळाच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात कूलंट घाला आणि थर्मोस्टॅट ठेवा. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, ते सिलेंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि झीज वाढते.

आजचा मोठा प्रश्न इ-२० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आहे. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं, ओलावा ओढतं आणि टाकीतला साठलेला गंज सोडवून कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल हवेत मिसळणाऱ्या भागात) पाठवतं. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्या, टाकी आतून साफ करा, कार्ब्युरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि तो पहिले काही महिने वारंवार बघा. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं, नाहीतर मिश्रण पातळ होऊन व्हॉल्व्ह तापतात. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ज्या भोकातून येतं त्या मेन जेटवरचा आकडा हा भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. तो एका पायरीने, म्हणजे पाचने वाढवून बघा आणि वीसेक किलोमीटरनंतर प्लग काढा. चहासारखा तांबूस रंग आला तर बरोबर. पांढुरका असेल तर अजून पातळ, काजळी असेल तर जास्त झालं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद करा.

वायरिंगमध्ये आधी अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीची वजा बाजू गाडीच्या पत्र्याला आणि इंजिनाला जोडणारी पट्टी) तपासा. सेल्फ मारताना बॅटरीच्या वजा टोकापासून इंजिनापर्यंत मल्टिमीटरने मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर बॅटरी बदलू नका, अर्थची पट्टी घासून पुन्हा बसवा.

पहिली फेरी सकाळी लवकर, इमारतीच्या आसपास, दहा मिनिटांची. परत आल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या, पण टेकवू नका. एक बाकीच्या तिघांपेक्षा जास्त गरम लागला, तर त्या चाकाचा शू घासतोय किंवा सिलेंडरमधला पिस्टन परत येत नाहीये. एकाच चाकाची रबरी नळी आतून फुगून बंद झाली असेल तरी हेच होतं, ऑइल आत जातं पण मागे फिरत नाही. ते चाक पुन्हा उघडा आणि ते नीट झाल्याशिवाय गाडी हायवेला नेऊ नका.