पार्क क्योंगनी आणि पंचवीस वर्षांची ‘तोजी’

श्रोतेहो, नमस्कार.

साल १८९७. कोरियातल्या हादोंग भागातल्या प्योंगसा-री या गावात सुगीच्या पौर्णिमेचा सण आहे. अंगणातल्या झाडावर पाखरे यायच्या आधीच वेण्यांना फिती बांधलेली पोरे तांदळाच्या पिठीचे वाफवलेले उंडे तोंडात कोंबून गल्लोगल्ली हुंदडत आहेत. पार्क क्योंगनी यांच्या ‘तोजी’ म्हणजे ‘भूमी’ या महाकादंबरीचा आरंभ असा होतो. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट आणि तलवारी उभ्या राहतात. इथे मात्र इतिहास शिरतो तो एका जमीनदाराच्या वाड्यात आणि त्याच्या कुळांच्या घरांत.

क्योंगनी यांचा जन्म १९२६ साली तोंगयॉंग या बंदराच्या गावी, जपानी अमलात झाला. १९५० साली, कोरियन युद्धाच्या धामधुमीत, त्यांचे पती तुरुंगात वारले आणि पुढे काही वर्षांतच लहानगा मुलगाही गेला. १९५५ साली त्यांची पहिली कथा छापून आली. १९६९मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ‘तोजी’ लिहायला घेतली. १९७१ साली स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा छातीला पट्ट्या बांधलेल्या असतानाच त्या पुन्हा लिहायला बसल्या. १९७४ साली जावई, कवी किम जी-हा, यांना लष्करी राजवटीने फाशीची शिक्षा सुनावली. ती पुढे कमी झाली, पण मुलीच्या संसाराची घडी विस्कटली.

कादंबरीची नायिका सोही हिची जमीन जपान्यांच्या आश्रयाने एक नातेवाईक बळकावतो. ती मांचुरियात जाऊन व्यापारात पैसा कमावते, वाड्यावरच्याच नोकराशी लग्न करते आणि गेलेली जमीन परत मिळवते. मला स्वतःला सोहीपेक्षा तिच्याभोवतीची शेकडो साधी माणसे अधिक लक्षात राहतात, कारण लेखिकेने त्यांतल्या कुणालाही नुसते गर्दीत उभे केलेले नाही.

१९८०मध्ये त्या वोंजूला राहायला गेल्या. तिथे मिरच्या-भाज्या पिकवत त्यांनी कादंबरी पुरी केली, तीही १९९४च्या १५ ऑगस्टला. कथाही १९४५च्या त्याच तारखेला थांबते. जपानने शरणागती पत्करल्याची बातमी ऐकताच सोही काटेरी फुलझाडाची फांदी घट्ट धरते आणि मटकन खाली बसते.

२००८ साली त्या गेल्या आणि तोंगयॉंगच्याच मातीत त्यांचे दफन झाले. प्योंगसा-रीत आता सोहीचा वाडा उभा आहे. कादंबरी वाचून बांधलेल्या या वाड्यात प्रवासी हिंडतात आणि सोहीची खोली कुठली ते शोधतात.