लाल चित्रात शिरणारा हिरवा प्रकाश

फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकात पेशीच्या भागांना प्रकाश पडताच चमकणारी रंगद्रव्ये जोडून ते भाग पाहतात. पडद्यावरील पेशीत सूक्ष्मनलिकांना (पेशीतल्या बारीक नळ्यांना) अलेक्सा फ्लुओर ४८८ हे हिरवे, तर तंतुकणिकांना (मायटोकाँड्रियांना) अलेक्सा फ्लुओर ५६८ हे नारिंगी-लाल रंगद्रव्य जोडलेले आहे. लाल चॅनेलमध्ये, म्हणजे लाल रंगद्रव्यासाठी वेगळ्या घेतलेल्या चित्रात, केवळ तंतुकणिका दिसायला हव्यात, पण त्यांच्यामधून धाग्यांसारख्या अंधुक रेषा गेलेल्या दिसतात. या रेषा सूक्ष्मनलिकांच्या आहेत. तंतुकणिका मुळातच सूक्ष्मनलिकांच्या आधाराने सरकतात, त्यामुळे हे चित्र पाहणाऱ्याला ते सहज खरे वाटते आणि चुकीचा निष्कर्ष निघतो.

हिरव्या रंगद्रव्याचे उत्सर्जन, म्हणजे त्यातून बाहेर पडणारा प्रकाश, ५१९ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. लघु तरंगलांबीच्या बाजूला ते झपाट्याने संपते. दीर्घ बाजूला मात्र हळूहळू उतरत ६०० नॅनोमीटरच्याही पुढे जाते. कॅमेरा बहुधा कृष्णधवल असतो. तो केवळ प्रकाशकण मोजतो, रंग संगणक नंतर भरतो. म्हणूनच फिल्टरमधून आलेला हिरवा प्रकाशही लाल म्हणूनच नोंदला जातो.

अनेकजण अशा वेळी आधी उत्सर्जन फिल्टर, म्हणजे कॅमेऱ्याकडे जाणारा प्रकाश गाळणारा फिल्टर, बदलतात. माझ्या मते पाहणी उद्दीपन फिल्टरपासून, म्हणजे रंगद्रव्य उजळवणारा दिव्याचा प्रकाश निवडणाऱ्या फिल्टरपासून, सुरू व्हावी, कारण जे रंगद्रव्य उजळलेच नाही, त्याचा प्रकाश गळणार कुठून? पारा-दिव्याची ५४६ नॅनोमीटरची प्रखर रेषा अरुंद फिल्टरने वेगळी काढली, तर तिने हिरवे रंगद्रव्य अगदी थोडेच उद्दीपित होते. हाच फिल्टर रुंद असून ५२० नॅनोमीटरपर्यंत खाली आला, तर दोन्ही रंगद्रव्ये एकदम उजळतात.

त्यानंतर उत्सर्जन फिल्टरचा विचार करावा. ६१०/६० या फिल्टरचा मध्य ६१० आणि रुंदी ६० नॅनोमीटर, म्हणजे तो ५८० ते ६४० एवढाच पट्टा सोडतो. दीर्घ तरंगलांबीचा सगळाच प्रकाश सोडणाऱ्या लाँगपास फिल्टरपेक्षा येथे तो योग्य ठरतो, पण पट्टा जितका अरुंद, तितका तंतुकणिकांचा प्रकाशही कमी मिळतो. मग एक्स्पोजर वाढवावे लागते आणि रंगद्रव्य लवकर विझते.

निवड बरोबर झाली की नाही, हे केवळ हिरवे रंगद्रव्य असलेल्या स्लाइडवरून कळते. तीच स्लाइड लाल चॅनेलमध्ये, प्रयोगातल्याच एक्स्पोजरने पाहावी, आणि शेजारी रंग न दिलेली स्लाइड ठेवावी, म्हणजे पेशीची स्वतःची चमक वेगळी ओळखता येते. गळती तरीही उरली, तर तंतुकणिकांसाठी अलेक्सा फ्लुओर ६४७ घ्यावे. त्याचे उत्सर्जन ६६५ नॅनोमीटरच्या आसपास असते. डोळ्यांना ते जेमतेमच दिसत असल्याने फोकस मात्र कॅमेऱ्यावर पाहूनच साधावा लागतो.