आठवीनंतरचं ताट

नमस्कार श्रोतेहो.

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांना शाळेतली खिचडी वेगळी सांगायला नको. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने शालेय पोषण आहाराची योजना सुरू केली. सुरुवातीची काही वर्षं मुलांच्या हाती कोरडा तांदूळच पडायचा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मुलांना शाळेतच शिजवलेलं जेवण द्या, आणि मग शाळांतून चुली पेटल्या. आज या योजनेचं माप ठरलेलं आहे. पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दीडशे ग्रॅम तांदूळ, तीस ग्रॅम डाळ, पंचाहत्तर ग्रॅम भाजी.

मग मूल नववीत जातं आणि हे ताट बंद होतं.

भूक मात्र त्याच वयात वाढते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात सात ते नऊ वर्षांच्या मुलाची रोजची गरज १,७०० कॅलरी धरली आहे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाची ती जवळपास ३,३०० होते. अंगाने झपाट्याने वाढणारं, दहावीचा अभ्यास करणारं, बऱ्याचदा कामालाही जाणारं हे मूल. शाळेतल्या जेवणाच्या हिशेबातून नेमकं तेच वगळलं जातं.

मी समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. राहते ठाण्यात, आणि यंदा फेब्रुवारीपासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या एका संस्थेत इंटर्नशिप केली. ही संस्था नववी ते बारावीच्या आणि रात्रशाळेत जाणाऱ्या मुलामुलींना संध्याकाळचं जेवण मोफत देते. मुलं येतात ती तुर्भे स्टोअर, इंदिरानगर या वस्त्यांतून. कुणाचे वडील मार्केटात हमाली करतात, कुणाची आई वाशी-सानपाड्याच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला जाते, कुणी नाक्यावर उभं राहून मिळेल ते काम घेतं. दाणाबंदर आणि भाजीचं घाऊक मार्केट हाकेच्या अंतरावर. अख्ख्या मुंबईचं धान्य जिथून जातं, त्याच्या शेजारी राहणारी ही मुलं सकाळी चहा-बटर खाऊन निघतात आणि थेट रात्री जेवतात.

माझं काम साधं होतं. दुपारी किती मुलं येणार याचा अंदाज घ्यायचा, तांदूळ-डाळ मोजून द्यायची, टोप टेम्पोत चढण्याआधी आतलं तापमान बघायचं. गरम अन्न साठ अंशांखाली उतरता कामा नये, हा नियम स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. प्रत्येक पदार्थाचा नमुना डब्यात काढून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. आणि मुलांच्या आधी एका मोठ्या माणसाने जेवून बघायचं, चव वहीत लिहून सही करायची. पहिल्या आठवड्यात मला ही सही म्हणजे उपचार वाटली. मग स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी बिहारची आठवण करून दिली. जुलै २०१३ मध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलातलं जेवण जेवून २३ मुलं गेली. त्यानंतर त्या वहीत मी कधी घाईने सही केली नाही.

स्वयंपाक चार मावशींच्या हातात. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी फडक्यात बांधायची, दुपारी मोड डोकावले की कांदा-लसणाच्या फोडणीत टाकायची. उन्हाळ्यात मोड भराभर येतात पण मटकी आंबतेही लवकर, म्हणून एप्रिलनंतर उसळीचे दिवस कमी करून हरभरा, चवळी आणि वरण-भातावर भर दिला जायचा. सोबत ताक. प्रत्येक ताटात लिंबाची फोड असायचीच. वाढायला येणाऱ्या एक-दोघांना तो लाड वाटायचा. पण कडधान्यातलं लोह अंगी लागायचं तर लिंबू सोबत हवं, आणि जेवणावर लगेच चहा नको. देशाच्या २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शंभरातल्या एकोणसाठ. आमच्या रांगेतल्या मुली पायऱ्या चढताना मध्येच का टेकतात, ते मला या आकड्याने समजलं.

पण श्रोतेहो, आज मला मुख्यतः सांगायचंय ते वेगळंच. या वयाच्या मुलांसाठी अन्न शिजवणं अवघड नाही. ते त्यांच्या पोटात जाणं अवघड आहे.

लहान मूल भूक लागली की हात पुढे करतं. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणतो, "जेवून आलोय, ताई." जेवण वाढलं जातं त्या आमच्या अभ्यासिकेत नववीतला एक मुलगा रोज हेच म्हणायचा. दाराशी सायकल लावायचा, धाकट्या बहिणीला रांगेत उभी करायचा आणि स्वतः जिन्यात बसून पुस्तक उघडायचा. बहीण अर्धं जेवून ताट त्याच्याकडे न्यायची. "तिला जात नाही ना, टाकायचं कशाला," असं म्हणून तो ते संपवायचा. मी त्याला चारदा आग्रह केला असेल. आग्रहाने तो आणखी लांब बसायला लागला.

मावशींनी आग्रह केलाच नाही. एका संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा त्यांनी जिन्याकडे बघून हाक मारली, "ए भाऊ, हा टोप जड आहे, जरा हात लाव." त्याने टोप आत आणला, मग दुसरा, मग पाण्याचे कॅन. सगळ्यांची जेवणं झाल्यावर मावशी आणि आम्ही कार्यकर्ते बसतो, त्या पंगतीत त्याचं ताट मांडलेलं होतं. मावशी म्हणाल्या, "इथे काम करणारं माणूस उपाशी जात नाही." तो बसला आणि तीनदा भात घेतला. जूनपर्यंत टोप उचलणारी सात-आठ मुलं झाली होती, आणि त्यांच्या मागोमाग इतर मोठी मुलंही रांगेत यायला लागली.

मला तेव्हा आपल्याकडच्या वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण झाली. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. त्या घरांनी मुलं शिकवली हे खरंच. पण ती दारं ठरावीक जातीच्या मुलांनाच उघडी होती, आणि रोज नव्या उंबऱ्यावर उभं राहताना मान खाली जायची ती जायचीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. मुलं तिथे राबायची, शिकायची आणि हक्काने जेवायची. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. तुर्भ्यातल्या मावशींनी यातलं काही वाचलेलं नसेल. वाढताना समोरच्याचा मान कसा राखायचा, ते त्यांना ठाऊक होतं.

म्हणून मला काही गोष्टी फार मनापासून सांगायच्या आहेत. जेवणाच्या रांगेत आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला मागू नका. आमच्याकडे नाव आणि इयत्ता, बस्स. एखादं ज्याला गरज नाही असं मूल जेवून गेलं तर एक वाटी भात जाईल. पण दाखला मागितला तर ज्याला गरज आहे तेच परत फिरेल. डबा न्यायची परवानगी द्या. काही ठिकाणी "इथेच बसून जेवा" असा नियम असतो. त्यामागचा विचार मला कळतो, मुलीचा घास घरातल्या इतरांत वाटला जाऊ नये. पण पाठच्या भावंडाला घरी ठेवून आलेल्या मुलीच्या घशाखाली घास उतरत नाही. आमच्याकडे तिने आधी इथे जेवायचं आणि मग डबा भरून न्यायचा.

आणि फोटो काढू नका. वाढदिवसाला केक घेऊन येणारी मंडळी प्रेमाने येतात, त्यांचा हेतू चांगलाच असतो. मात्र तो फोटो संध्याकाळी सगळीकडे फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी त्या मुलीला विचारतं, "काल फुकटचं जेवायला गेली होतीस ना?" ती मुलगी पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकली नाही.

देणाऱ्यांसाठी आणखी एक. पाडव्याला, गणपतीत, पितृपक्षात मदत भरपूर येते. एका दिवशी श्रीखंड उरतं आणि दोन आठवड्यांनी तूरडाळीचं पोतं तळाला लागतं. सर्वांत ओढाताण मे महिन्यात. शाळा बंद, म्हणून धाकट्या भावंडांचं शाळेतलं जेवणही बंद. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण चालू ठेवावं असा न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे, पण तुर्भे काही दुष्काळी भागात येत नाही. नेमके तेव्हाच देणारे गावाला गेलेले असतात. यंदा मे महिन्यात आमच्याकडे पहिली-दुसरीची मुलंसुद्धा मोठ्या भावाचं बोट धरून आली आणि मावशींनी एकालाही परत पाठवलं नाही. त्यासाठी वरणात पाणी वाढवावं लागलं, हेही खरं.

तेव्हा ठाणे-नवी मुंबईतल्या श्रोत्यांना माझी विनंती आहे. तुमच्या जवळ असं स्वयंपाकघर असेल तर तिथे जाऊन विचारा की मे महिन्याची डाळ भरली आहे का. तुम्ही शिक्षक असाल, क्लास चालवत असाल, तर नववी-दहावीच्या मुलांना संध्याकाळी कुठे जेवण मिळतं याचा पत्ता वर्गाच्या फळ्यावर सगळ्यांसाठी लिहून ठेवा, कुणा एकाला बाजूला घेऊन सांगू नका. आणि आठवड्यातून दोन तास देता येत असतील, तर वाढायला माणसं नेहमीच कमी पडतात. संध्याकाळी सहाला टेम्पो येतो.

नमस्कार.